लायनेल ॲशकोमचं जन्मगाव

मी लायनेल ॲशकोमची आई पहिल्यांदा झाले तेव्हा तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. पुढेही मोठाच राहिला, पण पडद्यावर तो कायम तिशीचा आणि मी कायम साठीची. हॉलिवूडमध्ये नायकाचं वय वाढत नाही, ते आम्हा बायकांमध्ये वाटून टाकतात. मी केसांना पावडर फासायची, खांद्यावर शाल ओढायची, आणि हा युद्धावर नाहीतर भलत्या पोरीच्या मागे निघाला की खिडकीशी उभं राहून रुमालाचं टोक चावायचं. हे सगळं मी इमानेइतबारे केलं. तेव्हा ह्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचा मला हक्क आहे, आणि ते चांगलेच असतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

त्याचं खरं नाव ऑरव्हिल स्टकी. बाप नेब्रास्कात डुकरं पाळायचा, आजाही तेच करायचा. ऑरव्हिल कॅलिफोर्नियात आला तो संत्री तोडायला, आणि तिथे कोणाच्या तरी नजरेत त्याची हनुवटी भरली. हनुवटी बघण्यासारखी होती, मी नाही म्हणत नाही. मूकपटांचे दिवस होते. माणसाला तोंड असलं म्हणजे झालं, त्यातून काय बाहेर पडतं ह्याची चौकशी कोणी करत नसे. डोळे मोठे कर म्हटलं की तो मोठे करी, बारीक कर म्हटलं की बारीक. ह्याला वर्तमानपत्रवाले संयत अभिनय म्हणत. क्राउनफील्ड स्टुडिओने त्याला लायनेल ॲशकोम हे नाव दिलं, पोहण्याचा तलाव असलेलं घर दिलं, आणि दर सहा महिन्यांनी करार पुढे चालवायचा की त्याला नारळ द्यायचा हे ठरवायचा अधिकार स्वतःकडे ठेवला. आमच्याकडे सगळ्यांचे करार असेच असत. स्टुडिओला नट सोडता येतो, नटाला स्टुडिओ सोडता येत नाही.

मग बोलपट आले आणि अख्ख्या गावाची पाचावर धारण बसली. ज्यांच्या फोटोंवर पोरी ओठ टेकवत होत्या त्यांनी तोंड उघडलं आणि आतून एखादा न्हावी नाहीतर गाडीवान बोलायला लागला. जो तो उच्चार शिकवणाऱ्या बायकांकडे धावला. त्यांतल्या सगळ्यात महाग मिसेस पेलम-रज. आपण लंडनची रंगभूमी गाजवली असं त्या सांगायच्या, आणि लंडन कोणीच पाहिलेलं नसल्यामुळे ते खपून जायचं. त्या शिष्यांच्या दातांत बाटलीची बुचं धरायला लावत आणि त्या अवस्थेत त्यांच्याकडून कविता म्हणवून घेत. दुपारी त्यांच्या व्हरांड्यावरून गेलं की आतून देशातले सगळे मोठे नायक बुचं चावत गुरगुरताना ऐकू येत. मीही गेले होते. बूच गिळता गिळता वाचले आणि परत पाऊल टाकलं नाही. आईच्या भूमिकेला काय, हुंदका आला तरी भागतं.

लायनेल मात्र मेहनती. त्याच्या बाजूने बोलण्यासारखी ही एकच गोष्ट आहे, आणि तिनेच त्याचा घात केला. बाईंनी त्याला बजावलं की घरची बोली आजपासून बंद, झोपेतसुद्धा ती ओठावर येता कामा नये. तो शब्दाला जागला. त्याची स्वयंपाकीण शेजारच्या आयोवाची होती, त्याच्या मावशीसारखी बोलायची, म्हणून तिला त्याने काढून टाकलं. घरी जायचं थांबवलं. नाताळात आईला पैसे पाठवायचा ते स्टुडिओच्या सेक्रेटरीमार्फत. वर्षभरात त्याचा आवाज असा गोल, असा गुळगुळीत झाला की ध्वनिखोलीत बसलेला माणूस डोळे मिटून ऐके. नुसतं "मीठ द्या" म्हणाला तरी कोणीतरी उठून उभं राहावं असं वाटे.

आता एवढ्या आवाजाला डुकरांचं गाव शोभेना. आमच्या स्टुडिओचे मालक गस डॉब्रिन ह्यांनी प्रसिद्धीवाल्याला बोलावून घेतलं आणि लायनेलचा जन्म इंग्लंडातल्या ससेक्स परगण्यात घडवून आणला. वडील कर्नल, ते बोअर युद्धात कामी आले. आई तर त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. सिनेमाच्या मासिकांनी हे छापलं, आणि बायकांनी त्या आईसाठी इतके अश्रू ढाळले की तेवढे माझ्या खिडकीतल्या कामाला कधी मिळाले नाहीत.

चार-पाच वर्षं त्याने नुसता धुमाकूळ घातला. प्रत्येक चित्रपटात तो फुलदाणीपाशी उभा असे, कारण मायक्रोफोन फुलदाणीत दडवलेला असे. तो फुलांकडे बघून नायिकेवर प्रेम करी. तिने भलतीकडे पाऊल टाकलं तर तिचा आवाज नाहीसा होई, ह्याचा मात्र घुमत राही. पण लोकांना तेच आवडत होतं, आणि लोकांपुढे कोण काय बोलणार?

पुढे मंदीने कहर केला. लोक पावासाठी रांगेत उभे राहायला लागले आणि त्यांना एकाएकी कर्नलच्या मुलांचा वीट आला. आमच्याकडे रिवाज असा की नवा चित्रपट आधी एखाद्या लांबच्या गावात, काही न सांगता दाखवून बघायचा. लायनेलचा नवा चित्रपट पोमोनाला असा दाखवला. मी त्याच्या शेजारीच बसले होते. पडद्यावर तो म्हणाला की प्रिये, तुझ्या चरणांशी मी नक्षत्रं अंथरीन. वरच्या सज्ज्यातून कोणीतरी ओरडलं, "मिस्टर, सरळ बोला की!" आणि सगळं थिएटर हसलं. त्यानंतर तो नुसता दारातून आत आला तरी हसत होते. करार वसंतात संपणार होता, आणि असा हशा कानावर आलेला मालक करार वाढवत नाही हे त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात डॉब्रिननी शेतकऱ्यांवरचा मोठा चित्रपट जाहीर केला. घर सोडून गेलेला मुलगा दुष्काळात परत येतो, आईबरोबर डुकरं सांभाळून शेत वाचवतो, अशी गोष्ट. जागा, नेब्रास्का. आई अर्थात मीच, कोरा. भूमिकेचं बोलायला मी डॉब्रिनच्या खोलीत बसले होते, तोच लायनेल आत आला. इतक्या घाईत त्याला मी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, मुलाची भूमिका माझी आहे," तो म्हणाला. "मी नेब्रास्काचा आहे."

डॉब्रिननी तोंडातली सिगार काढली. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. माझा जन्म तिथला. माझ्या वडिलांची डुकरं होती."

"लायनेल, तुझे वडील कर्नल होते."

"ते तुम्ही ठरवलंत. ह्याच खोलीत. मी इथेच बसलो होतो."

डॉब्रिननी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की खरं आहे, आणि तुम्ही तर त्यांना लॉर्डच करणार होता, प्रसिद्धीवाल्याने समजूत घालून कर्नलवर आणलं.

"असेल," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं मी हेच सांगतोय. तुझी आई बाळंतपणात गेली ह्याचं मला स्वतःला वाईट वाटतं. आता इंग्रज माणसाला डुकरांमागे पळवून मी माझं हसं करून घेऊ होय?"

स्वतःच्या हाताने रंगवलेल्या भिंतीला टेकून बसायचं आणि मग कोट का माखला म्हणून दुसऱ्यावर डाफरायचं, ही आमच्या मालक लोकांची जातच. पण लायनेलने गयावया केली. शेवटी दिग्दर्शक हेनेसीला भाड्याने आणलेली डुकरं कॅमेऱ्यासमोर कशी वागतात हे बघायचंच होतं, तेव्हा त्यांच्याबरोबर लायनेललाही बघू, असं ठरलं.

चाचणीतला प्रसंग सोपा. मुलगा कुंपणाशी उभा राहून डुकरांना हाक मारतो आणि ती त्याला ओळखून धावत येतात. लायनेलने तार करून आईला बोलावून घेतलं, बोली पुन्हा शिकायला. ठेवलं माझ्या घरी, कारण त्याच्या फाटकाशी मासिकांचे फोटोवाले असत.

हल्डा स्टकी आली ती फडक्यात बांधलेली डुकराची तंगडी काखेत मारून. हाडापेराने मजबूत बाई, हात फावड्याएवढे. लायनेलने वाकून तिच्या गालाला ओठ लावले आणि प्रवास सुखाचा झाला ना, असं विचारलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आरं, दाताला काय झालं तुज्या?" ती म्हणाली. "काढलं का काय समदं?"

मला हसू आवरेना. त्याला राग आला, पण गरज त्याची होती. रोज सकाळी माझ्या परसात दोघं उभे राहायचे. ती सांगायची की पोटातनं आवाज काढ, भूक डुकरास्नी न्हाई, तुलाच लागलीया असं समज. मग ती "सूऽऽई" अशी हाक घालायची आणि तीन गल्ल्यांपलीकडची कुत्री भुंकायची. मग लायनेल हाक घालायचा. शेजारच्या म्हाताऱ्या गायनशिक्षकाने निरोप पाठवला की साहेबांचा आवाज सुरेख आहे, हा कोणत्या संगीत नाटकातला भाग? त्याने जीव तोडून प्रयत्न केला हे मी पाहिलं आहे. जबडा सैल सोडायचा, शब्द नाकातून काढायचा, मध्येच थांबून पुन्हा सुरू करायचा. पण जे निघायचं ते ससेक्सच्या कर्नलच्या मुलाने चेष्टेने काढलेल्या खेडवळ आवाजासारखं. मिसेस पेलम-रज आपलं काम पक्कं करत असत.

चाचणीच्या दिवशी स्टुडिओत कुंपण घातलं होतं, चिखल आणला होता आणि पलीकडच्या टोकाला डुकरं खात उभी होती. हल्डाबाई माझ्या बाजूला, कॅमेऱ्याच्या मागे. लायनेलने कुंपणावर हात ठेवला आणि हाक दिली. डुकरांनी मान वर केली नाही. हेनेसीने पुन्हा करायला लावलं, आणि मग पुन्हा. ध्वनिखोलीतला माणूस बाहेर येऊन म्हणाला की आवाज फारच छान येतोय, एकेक अक्षर स्वच्छ. डुकरं खातच होती. लायनेलच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळायला लागला.

हल्डाबाईला ते बघवेना. ती दोन पावलं पुढे झाली आणि तिने आपली हाक घातली. मी शेजारीच होते, माझ्या पोटात ती जाणवली. सगळा कळप कुंपण मोडून, वायरी तुडवत, दिवे पाडत तिच्या पायाशी येऊन थडकला. एक डुक्कर ध्वनिखोलीत शिरलं. हेनेसी मात्र डुकरांकडे बघतच नव्हता.

"ही बाई कोण आहे?" तो म्हणाला.

"माझी आई," लायनेल म्हणाला.

डॉब्रिन तिथेच होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला घेतलं, आणि माझी भूमिका माझ्या पायाखालून सरकताना दिसत होती म्हणून मीही मागोमाग गेले.

"तुझी आई मेलेली आहे," ते म्हणाले. "ती जिवंत झाली तर मासिकवाले आपल्याला फाडून खातील. बाईला मी चित्रपटात घेतो. पण ती कोणाची कोण, हे कोणाला कळता कामा नये. एवढं सांभाळ, मग वसंतात तुझ्या कराराचं बघू."

मी त्याच्या हनुवटीकडे बघत होते. पडद्यावर अशा वेळी ती वर व्हायची. "ठीक आहे," तो म्हणाला. माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात त्याने आईला हे समजावून सांगितलं, गोड आवाजात, व्याकरणशुद्ध. ती बटाटे सोलत होती.

"म्हंजी म्या तुजी कुनी न्हाई, असं म्हनायचं?"

"फक्त वसंतापर्यंत, आई."

तिने आणखी एक बटाटा घेतला. "तुजं भलं व्हत आसंल तर म्हनंन की," ती म्हणाली.

भूमिका तिला मिळाली. मला मुलाची मावशी केलं, दोन वाक्यं आणि एक पोळीचं लाटणं. मुलाच्या भूमिकेसाठी हेनेसीने फिरत्या नाटक कंपनीतला एक पोरगा उचलला, बर्ट ओल्डरशॉ. तो खरोखरीचा इंग्रज, लिव्हरपूलच्या गोदीतल्या हमालाचा मुलगा. प्रसिद्धीवाल्याने एका दुपारीत त्याचा जन्म नेब्रास्कात घडवून आणला. डॉब्रिन तर आठवड्याभरात म्हणायला लागले की मातीतला माणूस तो मातीतलाच, बघा कसा उठून दिसतो.

पण पोरगा लबाड नव्हता. रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात यायचा, हल्डाबाईच्या हातचं डुकराचं मांस आणि घेवड्याचे दाणे खायचा आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बसायचा. ती बोलते कशी, थांबते कुठे, ऑरव्हिल लहानपणी काय काय म्हणायचा, सगळं विचारून घ्यायचा. कोणी विचारत बसलं की तीही खुलायची. तिच्या पोराने तिला कित्येक वर्षांत काही विचारलं नव्हतं. लायनेल यायचा तो मागच्या दाराने, कोणी पाहू नये म्हणून, आणि बर्ट आत असला की पायरीवरूनच परत जायचा. बर्ट महिन्याभरात असा बोलायला लागला की मी खिडकीबाहेरून ऐकलं तर कोणी शेजारचा शेतकरी आला आहे असं वाटावं.

वसंत आला. शेवटच्या मोठ्या प्रसंगाच्या दिवशी लायनेल सेटवर आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. सकाळी डॉब्रिनच्या सेक्रेटरीने फोन केला होता. करार वाढवणार नव्हते.

"एक बरं झालं, कोरा," तो म्हणाला. "आता ती माझी आई आहे हे मी कोणालाही सांगू शकतो. तिला घेऊन मी घरी जाणार आहे. नेब्रास्काला."

"फार लवकर सुचलं," मी म्हणाले.

प्रसंग असा, की आई पाठमोरी उभी राहून डुकरांना खायला घालते आहे, मुलगा मागून येऊन हाक मारतो, ती वळते. हेनेसीने तिला तेवढंच सांगितलं होतं, वळ आणि त्याच्याकडे बघ. लाल दिवा लागला, दारं बंद झाली, सगळे गप्प. बर्ट कुंपणाशी येऊन थांबला.

"माय," तो म्हणाला, "म्या आलो गं."

तिच्या हातातली बादली पडली. असं लिहिलेलं नव्हतं. ती वळली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, त्याला जवळ ओढलं आणि रडली ती अशी की कॅमेऱ्यामागचे दांडगे गडी खाली बघायला लागले. तिला अभिनय येत नव्हता. मी जन्मभर तो केला आहे, मला फरक कळतो. त्या परक्या पोराच्या तोंडून तिला कोण ऐकू आलं हे मला समजलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या लायनेललाही समजलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याची चीड न येता वाईट वाटलं.

हेनेसीने कॅमेरा थांबवला. बर्टला जवळून टिपायचं होतं म्हणून माणसं दिवे हलवायला धावली. हल्डाबाई एका बाजूला जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून, एप्रनमध्ये तोंड खुपसून उभी होती. लायनेल तिच्यापाशी गेला. लोक बघत होते, तरी गेला. सेटवर सगळेच तिला माय म्हणायचे, हेनेसीसुद्धा.

"माय," लायनेल म्हणाला.

त्याने तो शब्द घोटून घोटून आणला होता, हे मला ऐकू आलं. पण तो निघाला तसाच, गोल आणि गुळगुळीत.

हल्डाबाईने एप्रनमधून तोंड काढलं नाही. "व्हय साहेब," ती म्हणाली. "पुन्यांदा करायचं का?"

त्याने तिच्या खांद्याकडे नेलेला हात मागे घेतला. "नको," तो म्हणाला. "उत्तम झालं." आणि वायरींवरून पाय उचलून टाकत तो मोठ्या दाराकडे गेला. दार त्याच्यामागे बंद झालं.

तिने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कोन व्हतं त्ये?"

मी ह्या माणसाचा मुलाहिजा कधी ठेवला नाही, पण तेव्हा मला खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. "ऑरव्हिल होता," मी म्हणाले.

ती एप्रन गोळा करून दाराकडे धावली. पण तोवर लाल दिवा लागला होता. लाल दिवा लागला की आमच्याकडे दार उघडत नाही, कोणी मेलं तरी नाही, आणि आतल्या माणसाने श्वासही जपून घ्यायचा. दारवानाने बोट ओठांवर ठेवलं. ती दारावर तळहात टेकून उभी राहिली, आणि तिच्या पाठीमागे बर्ट कॅमेऱ्याकडे बघून म्हणत राहिला, माय, म्या आलो गं. माय, म्या आलो गं. हेनेसीला ते मनासारखं मिळायला बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा लायनेलची गाडी बाहेर नव्हती.